‘अर्थ काहीच नाही’ हे कोण म्हणतंय, आणि केव्हा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी नाटकाचा विद्यार्थी आहे. शेक्सपिअरचं मॅकबेथ आणि किंग लिअर, सोफोक्लीझचा ईडिपस, बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ असं ओळीनं वाचून काढलं आणि सगळीकडे एकच सूर ऐकू आला, की आयुष्याला काही अर्थ नाही. शोकांतिकेचं म्हणणं खरंच एवढंच आहे का? असेल तर लोक तिकीट काढून ती बघायला का येतात? आणि मॅकबेथचं ‘उद्या, आणि उद्या’ हे भाषण मला परीक्षेत करायचंय. ते कसं करू?”

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ते भाषण नीट उभं राहिलं की आधीच्या दोन प्रश्नांचं बरंचसं काम त्यातच होऊन जातं.

हे भाषण मी तालमीत, निवडचाचणीत, शिबिरात इतक्या जणांकडून ऐकलंय की पहिली चार पावलं बघूनच पुढचं कळतं. नट मधोमध येऊन उभा राहतो. नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी, आवाज खर्जात. आणि मग तो आपल्याला आयुष्याबद्दल समजावून सांगायला लागतो. ऐकायला वाईट नसतं, पण ते व्याख्यान होतं. अशा वेळी मी एकच विचारतो, “तुझ्या आधीचं वाक्य कुणाचं आहे?” पुष्कळांना सांगता येत नाही. भाषण संहितेतून कात्रीनं कापून वेगळं पाठ केलेलं असतं.

आधीचं वाक्य सेटनचं, मॅकबेथच्या सेवकाचं आहे. पाचव्या अंकाचा पाचवा प्रवेश, किल्ल्याला वेढा पडतोय. आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो. मॅकबेथ म्हणतो, भीतीची चव कशी असते तेच मी जवळजवळ विसरलोय; एक काळ होता, रात्री नुसती किंकाळी ऐकली तरी अंग गार पडायचं. मग तो विचारतो, कशाची होती ती ओरड? आणि सेटन सांगतो, “महाराज, राणीसाहेब गेल्या.”

यावर नवरा जे बोलतो त्या इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ लागतात, आणि मराठीत आणताना त्यातला एक निवडावाच लागतो. एक, “आज ना उद्या ती जाणारच होती.” दुसरा, “तिनं पुढे कधीतरी मरायचं होतं. असल्या शब्दाला तेव्हा वेळ देता आला असता.” पहिल्यात नुसता थंडपणा आहे. दुसऱ्यात मला माणूस दिसतो: ज्याला रडायला हवं हे कळतंय, पण रडण्यासाठी जागा शिल्लक नाही असा. शिवाय पुढचं सगळं भाषण त्या ‘पुढे’मधूनच निघतं. पुढे म्हणजे कधी? उद्या. मग? पुन्हा उद्या. आणि मग आणखी एक उद्या, एकेक दिवस करत, गोगलगायीच्या चालीनं.

आता हा ‘पुढे’ कुठून आला ते बघा. पहिल्या अंकात तिसरी चेटकीण मॅकबेथला ‘जो पुढे राजा होणार आहे’ अशी सलामी देते. तो घरी येतो तेव्हा बायको त्याच शब्दानं त्याचं स्वागत करते, आणि म्हणते की मला पुढचं सगळं या क्षणीच जाणवतंय. त्याच भेटीत ती विचारते, पाहुणा म्हणून येणारा राजा डंकन इथून परत कधी निघणार? तो म्हणतो, “उद्या, असा त्यांचा बेत आहे.” ती म्हणते, तो उद्या सूर्याला कधीच दिसणार नाही. म्हणजे आपण या जोडप्याला पहिल्यांदा एकत्र बघतो तेव्हाच ‘पुढे’ आणि ‘उद्या’ हे दोन शब्द रंगमंचावर येऊन बसलेले असतात. ती गेल्यावर तो तेच दोन उचलतो. मी स्वतः अनुवाद करत होतो तेव्हा एका जागी ‘भविष्यात’, दुसरीकडे ‘नंतर’ असं लिहून बसलो होतो, वाचायला छान. पहिल्याच वाचनाला कळलं की धागा तुटलाय. सगळीकडे ‘पुढे’ केलं.

मेणबत्तीचंही तसंच. ‘विझ, विझ, एवढीशी मेणबत्ती’ ही ओळ सुटी वाचली तर नेहमीची उपमा वाटते. पण चारच प्रवेशांपूर्वी प्रेक्षकांनी त्याच बाईला हातात दिवा घेऊन झोपेत चालताना पाहिलेलं असतं. उशाशी सतत दिवा हवा असा तिचा हुकूम आहे, हेही दासीनं सांगितलेलं असतं. तिथे ती हातावरच्या डागाला जो शब्द वापरून हाकलते, तोच शब्द तो मेणबत्तीला वापरतो. मराठीत एक शब्द दोन्हीकडे बसवणं अवघड आहे. मी डागाला “जा! जा म्हणते ना!” आणि मेणबत्तीला “जा, विझून जा” असं केलं. अगदी समाधान नाही, पण ‘जा’ ऐकू येतो. मॅकबेथनं तिला तशी झोपेत चालताना बघितलेलं नाही. आपण बघितलंय. त्याला जी नुसती उपमा वाटते, ती आपल्यासाठी त्याची बायको असते.

मग शेवट: आयुष्य म्हणजे एका मूर्खानं सांगितलेली गोष्ट, नुसता आरडाओरडा आणि आवेश, अर्थ काहीच नाही. इंग्रजीत नेहमीची ओळ दहा अक्षरांची. ही शेवटची ओळ सहा अक्षरांतच संपते. उरलेली ओळ रिकामी. आणि त्या रिकाम्या जागेत एक निरोप्या आत येतो. त्याच्याकडे पुन्हा वळू.

हे सगळं इतकं खोलात का सांगितलं? कारण तुम्ही ज्याला शोकांतिकेचं म्हणणं म्हणताय, ते तपासायची माझी पद्धत एवढीच आहे. हे वाक्य कुणाचं, कुठल्या प्रसंगातलं, आणि त्याच्या पुढच्या ओळीत काय होतं? पात्राचं वाक्य आणि नाटकाचं म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक जण मान्य करतो आणि अवतरण देताना प्रत्येक जण विसरतो.

मॅकबेथच्या बाबतीत नाटकानं याचा हिशेब आधीच मांडून ठेवलाय. मॅकबेथनंच केलेला डंकनचा खून उघडकीस येतो तेव्हा सगळ्यांसमोर मॅकबेथ दुःखाचं नाटक करतो: तासभर आधी मेलो असतो तर आयुष्य सार्थकी लागलं असतं, आता जगण्यात गंभीर असं काही उरलं नाही, सगळी खेळणी. हे बोलताना तो खोटं बोलतोय. पुढच्या तीन अंकांत ते खोटं शब्दशः खरं होतं. पाचव्या अंकात, त्या प्रसिद्ध भाषणाच्या थोडं आधी, तो आपल्या नशिबी नसलेल्या गोष्टींची यादीही देतो: मान, प्रेम, आज्ञाधारक माणसं, मित्रांचा गोतावळा. म्हातारपणी सोबतीला यायला हवं ते यातलं काहीच मला मिळणार नाही, म्हणतो. आयुष्याला अर्थ कशानं येतो हे त्याला पाठ आहे. ज्याला जगात अर्थच नाही असं मनापासून वाटतं, त्याच्याकडे अशी यादी कशी असेल?

आणि त्याच्या समोर मॅकडफ आहे, त्याच्याविरुद्ध उठलेला सरदार. चौथ्या अंकात त्याला कळतं की बायको आणि सगळी मुलं मॅकबेथच्या हुकमानं मारली गेली. तो पुन्हा पुन्हा विचारतो, “सगळी? सगळी म्हणालास?” डंकनचा मुलगा माल्कम म्हणतो, मर्दासारखा तोंड दे. मॅकडफ उत्तरतो, देईन, पण माणसासारखं ते मला आधी जाणवायला तर हवं. देव वरून नुसते बघत राहिले का, हा प्रश्न त्यालाही पडतो. त्याचं मॅकबेथपेक्षा जास्त गेलंय. पण आयुष्य म्हणजे मूर्खाची गोष्ट, असं तो म्हणत नाही. ज्याला दुःख होतंय त्याला अर्थ शाबूत आहे. ज्याला बायको मेल्यावर दुःख होईनासं झालंय त्याला सगळंच पोकळ दिसतं. दोन्ही प्रवेश एकाच दिवशी तालमीत घ्या, मी सांगायची गरज राहणार नाही.

इथे मराठीचा एक फायदा घेऊ. ‘निरर्थक’ आणि ‘व्यर्थ’ हे आपण बोलताना अदलाबदलीनं वापरतो, पण ते एक नाहीत. निरर्थक म्हणजे ज्यात अर्थच नाही. व्यर्थ म्हणजे जे वाया गेलं. आणि वाया जायला ते आधी मोलाचं असावं लागतं. कचरा वाया जात नाही. शोकांतिकेत मला सतत दिसतं ते व्यर्थ जाणं. समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर लिहिताना ‘वाया जाण्या’चाच मुद्दा मध्यभागी ठेवला होता. त्यांचं सगळं मला पटत नाही, पात्रांकडे ते शेजारी राहणारी माणसं असल्यासारखं बघतात, पण हा मुद्दा पक्का आहे.

आता तुम्ही म्हणाल, मॅकबेथ सोपा आहे, त्यानं स्वतःच्या हातानं वाट लावली. लिअरचं काय? त्याच्या धाकट्या मुलीनं, कॉर्डेलियानं, कुणाचं काय वाईट केलं होतं?

लिअर अवघड आहेच. या नाटकापुढे माझाही आत्मविश्वास डळमळतो. ग्लॉस्टर या म्हाताऱ्या सरदाराचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं: उनाड पोरांना माशा, तसे आपण देवांना, गंमत म्हणून मारतात. डोळे काढल्यावरचं हे वाक्य आहे, आणि ते बोलताना त्याचा मुलगा एडगर वेषांतर करून तिथेच जवळ उभा आहे, ऐकतोय. बापाला दिसत नाही, पण आपल्याला दिसतं. पुढे एडगर त्याला खोट्या कड्यावर नेतो, सपाट जमिनीवर उडी मारायला लावतो आणि तू वाचलास म्हणून सांगतो. त्यानंतर हाच ग्लॉस्टर देवांना ‘सदा दयाळू’ म्हणून हाक मारतो. मग त्याचं खरं मत कुठलं? दोन्ही नाहीत. दोन्ही त्या त्या वेळच्या कळा आहेत. या नाटकात जवळजवळ प्रत्येकाकडे देवांबद्दल एक सिद्धान्त आहे, आणि नाटक एकेकाला उताणं पाडत जातं. देव न्यायी आहेत, असं एडगर शेवटी शेवटी म्हणतो. थोड्याच वेळात लिअरचा जावई ऑल्बनी कॉर्डेलियासाठी म्हणतो, “देव तिचं रक्षण करोत!” आणि लगेच लिअर तिचं प्रेत हातांवर घेऊन आत येतो.

ही एन्ट्री मी दोनदा बसवली आहे. पहिल्या वेळी ऑल्बनीचं वाक्य आणि एन्ट्री यांच्यामध्ये मी श्वासभर जागा सोडली होती, प्रकाश बदलायचा होता म्हणून. चूक. त्या श्वासात प्रार्थना हवेत विरून जाते. दुसऱ्या वेळी प्रकाशयोजना बाजूला ठेवली आणि ‘करोत’चा त संपायच्या आत लिअर विंगेतून बाहेर काढला. तेव्हा कळलं की लेखकानं इथे किती क्रूरपणे टाचणी टोचली आहे.

हे इतकं असह्य होतं की लोकांनी ते बदलून टाकलं. १६०६ च्या २६ डिसेंबरला हे नाटक इंग्लंडच्या राजासमोर झालं होतं. १६८१ मध्ये नेहम टेट या कवीनं ते नव्यानं लिहिलं: विदूषक काढला, कॉर्डेलिया जगवली, एडगरशी तिचं लग्न लावलं, लिअरला राज्य परत दिलं. रंगभूमीवर जवळजवळ दीडशे वर्षं हेच रूप चाललं. एडमंड कीन या नटानं १८२३ मध्ये दुःखद शेवट परत आणून बघितला, आणि दुसरा नट मॅक्रेडी यानं १८३८ मध्ये विदूषकासह बरंचसं मूळ नाटक परत आणलं. अठराव्या शतकातले समीक्षक सॅम्युएल जॉन्सन तर लिहून गेले की कॉर्डेलियाच्या मृत्यूनं त्यांना असा धक्का बसला होता की संपादक म्हणून भाग पडेपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचं त्यांना धाडस झालं नाही. टेटला हसणं सोपं आहे. पण त्याला काय सहन झालं नाही ते नीट बघा. तिचं मरण काहीच सिद्ध करत नाही, त्यातून कुणी काही शिकत नाही, तिला वाचवायचा हुकूम निघालेला असतो, फक्त उशीर होतो. हे जर नुसतं निरर्थक असतं तर कुणी दीडशे वर्षं धडपडून दुरुस्त करत बसलं नसतं.

विसाव्या शतकात उलटा प्रकार झाला. पोलिश समीक्षक यान कॉट यांनी लिअरला बेकेटच्या शेजारी बसवलं, आणि १९६२ मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी पॉल स्कोफील्ड या नटाला घेऊन याच नजरेनं लिअर केलं. गाजलेला प्रयोग. त्यातली एक काटछाट मला फार बोलकी वाटते. लिअरचा दुसरा जावई कॉर्नवॉल ग्लॉस्टरचे डोळे काढत असताना त्याचा स्वतःचाच एक नोकर तलवार उपसून मालकाच्या आडवा येतो आणि मारला जातो. पण त्याची जखम घेऊन कॉर्नवॉलही मरतो. या नोकराला नाव नाही, आगापीछा नाही. नंतर उरलेले दोन नोकर आपसात बोलतात: म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला लावायला जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणू या. ब्रूकनी हे दोघं काढून टाकले. एक सांगायला हवं: १६०८ च्या छापील प्रतीत हे बोलणं आहे, १६२३ च्या प्रतीत नाही, त्यामुळे त्यांना तसा आधार होता. पण मुद्दा हा की जग पूर्ण पोकळ आहे असं दाखवायचं, तर तो अंड्याचा बलक बाजूला करावा लागला. तेवढासा उपचार मंचावर आला की तो युक्तिवाद गळतो.

आणि लिअरचे शेवटचे शब्द. मांडीवर मुलगी, आणि तो म्हणतो, तू पुन्हा येणार नाहीस: कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. १६०८ च्या प्रतीत हा शब्द तीनदा आहे, १६२३ च्या प्रतीत पाचदा, ओळ भरून. जगातल्या कुठल्याही भाषेत याहून रिकामी ओळ मला ठाऊक नाही. पण पुढचं वाक्य काय आहे? “एवढं बटण सोडता का? आभारी आहे.” मी प्रयोगाला मागच्या भिंतीला टेकून उभा असतो. लोक ‘कधीच नाही’ला रडत नाहीत, तिथे नुसतं खोकणं थांबतं. रडतात ते ‘आभारी आहे’ला. पहिल्या अंकात तीन मुलींकडून प्रेमाची जाहीर भाषणं मागणारा हा राजा आता एका बटणासाठी आभार मानतो.

ग्रीकांकडे वळलं की ‘अर्थ नाही’चा मामला आणखी मजेशीर होतो. ‘जन्मालाच न येणं सगळ्यात चांगलं, आणि आलोच तर आलो तिथे लवकर परत जाणं’ हे वाक्य सोफोक्लीझच्या ‘ईडिपस अॅट कोलोनस’मधल्या कोरसचं, म्हणजे गायकवृंदाचं आहे. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरला शोकांतिकेत संसाराची आस सोडायचा धडा दिसला. त्याच्यानंतरच्या नीत्शेनं १८७२ मध्ये हेच जुनं वचन घेऊन नेमकी उलट दिशा धरली. दोघंही वाचा, पण आधी नाटक वाचा. कारण त्याच नाटकात आंधळा ईडिपस मुलींचा निरोप घेताना सांगतो की तुमचे सगळे कष्ट एका शब्दानं फिटतात, आणि तो शब्द प्रेम. हे नाटक सोफोक्लीझच्या मृत्यूनंतर इ.स.पू. ४०१ मध्ये त्याच्या नातवानं रंगमंचावर आणलं.

त्याहून मला जास्त बोलकी वाटते ती ‘ईडिपस राजा’मधली योकास्टा, ईडिपसची बायको. ईडिपसचा मानलेला बाप म्हातारपणानं मेल्याची बातमी एक निरोप्या आणतो, म्हणजे ईडिपस बापाला मारून आईशी लग्न करेल ही भविष्यवाणी खोटी! ती सुटकेचा श्वास टाकते आणि म्हणते, माणसानं कशाला भ्यावं? सगळा योगायोगाचा कारभार. कुणालाच पुढचं दिसत नाही. जमेल तसं, येईल तसं जगावं. हे वाक्य अगदी आजचं वाटतं. पण ते दुःखाचं नाही, आनंदाचं आहे. जगात काही सूत्र नाही, वा, सुटलो! पुढच्या काही मिनिटांत तोच निरोप्या बोलता बोलता सांगून जातो की ईडिपस त्या बापाचा मुलगाच नव्हता. ती नवऱ्याच्या आधी ओळखते, की तो आपलाच मुलगा आहे. थांब, आणखी विचारू नकोस, अशी विनवते आणि आत निघून जाते, गळफास घ्यायला. तिला मारतं ते अर्थ नसणं नाही. सगळं एकमेकाशी जुळणं, प्रत्येक दोरा प्रत्येक गाठीत बसणं मारतं. ईडिपसमध्ये अर्थाची टंचाई नाही, अतिरेक आहे. तुम्ही या नाटकाला मॅकबेथच्या रांगेत बसवलंत, तिथे माझी तुमच्याशी हरकत आहे.

गोदोबद्दल थोडक्यात, कारण ते शोकांतिका नाही. बेकेटनं इंग्रजीत त्याला शोक-सुखात्मिका असं उपशीर्षक दिलं आहे आणि लेखकाचं ऐकावं. ५ जानेवारी १९५३ ला पॅरिसमध्ये ते पहिल्यांदा झालं. त्यात कुणी उंचावरून पडत नाही, कारण उंची कधी नव्हतीच. मॅकबेथ किंवा लिअर संपताना आपण आधीचं काहीतरी आठवतो. गोदो संपताना आधीचा अंकच नीट आठवत नाही, पात्रांनाही नाही. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १४०० कैद्यांसमोर त्याचा प्रयोग झाला. जिथे सुशिक्षित प्रेक्षक बुचकळ्यात पडत होते, तिथे त्यांना वाट बघणं म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. नटाच्या दृष्टीनं फरक असा: गोदोत निरर्थकता ही हवा आहे, तिच्यात श्वास घ्यायचा असतो. शोकांतिकेत ती जखम आहे, ती प्रेक्षकांसमोर व्हावी लागते.

आणि कधी कधी ती सबब असते. चेखव्हचं ‘तीन बहिणी’ (१९०१) हातात घ्या. म्हातारा डॉक्टर चेबुतीकिन नाटकभर ‘काय फरक पडतो’ असं घोकत असतो. तालमीत नट त्याला गोड म्हातारा करून टाकतात. पण त्याच्या हातून एक बाई दगावली आहे. तिसऱ्या अंकात तो त्या बहिणींच्या आईचं घड्याळ पाडून फोडतो, आणि म्हणतो, कदाचित फुटलंच नसेल, आपल्याला नुसतं वाटत असेल. आपण आहोत असंही कदाचित नुसतं वाटत असेल. त्या आईवर त्याचं प्रेम होतं. शेवटच्या अंकात तुझेनबाख या सरदाराचं द्वंद्व होणार हे त्याला माहीत असतं, आणि तो म्हणतो, एक सरदार कमी काय, जास्त काय. मग स्वतः डॉक्टर म्हणून तिथे हजर राहतो. त्याच नाटकात बहिणींतली माशा म्हणते की क्रौंच का उडतात, मुलं का जन्मतात, हे कळल्याशिवाय जगायचं कसं? आणि तुझेनबाख म्हणतो, बर्फ पडतंय, त्याला काय अर्थ? हे दोघं खरोखर विचारतायत. डॉक्टर विचारत नाही, पळ काढतोय. तिघांची वाक्यं वहीत उतरवली तर सारखी दिसतील.

मग लोक बघायला का येतात? ॲरिस्टॉटलच्या ‘कॅथार्सिस’वर, म्हणजे भावनांच्या शुद्धीकरणावर, शेकडो वर्षं वाद चालू आहे, त्यात मी पडत नाही. मला त्याच्या ‘काव्यशास्त्रा’च्या नवव्या प्रकरणातली एक बारकी गोष्ट जास्त उपयोगी वाटते. आर्गोसमध्ये मिटिस नावाच्या माणसाचा पुतळा होता. मिटिसचा खुनी तो बघत उभा होता, आणि पुतळा त्याच्याच अंगावर पडून तो मेला. ॲरिस्टॉटल म्हणतो, योगायोगसुद्धा हेतुपुरस्सर घडल्यासारखा दिसला की आपण थक्क होतो. हाच नाटकाचा स्वभाव. एका गोष्टी*नंतर* दुसरी घडून भागत नाही, एकी*मुळे* दुसरी घडावी लागते. म्हणून ‘कशालाच अर्थ नाही’ असं सांगणारी शोकांतिकासुद्धा ते सांगण्यासाठी प्रत्येक ‘उद्या’, प्रत्येक दिवा, प्रत्येक बटण मोजून ठेवते. पात्र म्हणतं, काहीच मोजण्यासारखं नाही. आणि आपण तीन तास प्रत्येक गोष्ट मोजत बसलेलो असतो. लोक नेमके यासाठी येतात असा माझा दावा नाही. कुणी नटाला बघायला येतं, कुणाला बरोबरच्यानं ओढून आणलेलं असतं. पण मध्यंतरानंतर ते परत खुर्चीत बसतात ते यामुळे, असं मला वाटतं.

आता तुमची परीक्षा. भाषण एकट्यानं करायला सांगितलं असलं तरी दोन जण मागून घ्या, सेटन आणि निरोप्या. परीक्षक नाही म्हणाले तर निदान तालमीत घ्या. सुरुवात ‘उद्या’पासून करू नका, बायकांच्या आक्रोशापासून करा. पहिला ‘उद्या’ सेटनला सांगा, दुसरा स्वतःला. तिसरा कुणाला हे मी सांगणार नाही, ते दर तालमीत बदलेल. आवाज खर्जात नेऊ नका, तो माणूस लढाईच्या गडबडीत आहे. दोन प्रवेश आधी तो चिलखत चढवायला सांगतो, मग काढायला सांगतो, मग मागून घेऊन या म्हणतो. ती अस्वस्थता हातांत राहू द्या. ‘बिचारा नट’ या शब्दांवर स्वतःकडे बोट दाखवून टाळी घेऊ नका. ती मिळते, म्हणूनच सांगतोय.

आणि ‘अर्थ काहीच नाही’ नंतर पॉज घेऊन उभे राहू नका. तो पॉज तुमचा नाही, निरोप्याचा आहे. तो धावत आलाय. बर्नमचं जंगल किल्ल्याकडे चालत येताना (ते आलं की मॅकबेथ हरणार, असं भाकीत आहे) त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, आणि ते कसं सांगावं हे त्याला कळत नाहीये. संहितेत तो तसं बोलूनही दाखवतो. तुम्ही त्याच्याकडे वळता आणि म्हणता, जीभ वापरायला आलास ना, मग बोल लवकर. हे वाक्य परीक्षेच्या उताऱ्यात नसेल. तरी ते पाठ करा, आणि निरोप्याचं काम करणाऱ्याला सांगा की प्रत्येक वेळी खरंच जिन्यावरून पळत ये.